उम्मीचा आवाज ऐकणारे

रम्ला गावच्या शाळेत जलीलानं जन्मभर पोरांना कॉम्प्युटर शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर निवांत बसायचं सोडून गळ्यात धोंड बांधून घेतली. त्या धोंडेचं नाव सकीफा. आमच्याकडे घराच्या तोंडाशी वाकडी देवडी असते. बाहेरच्या माणसाला तिथं बसवतात, पाणी तिथंच, कॉफी तिथंच, आणि आतलं अंगण काही त्याच्या नजरेला पडू देत नाहीत. ती सकीफा. जलीलाची सकीफा मात्र दगडामातीची नव्हती. ऑक्टोपस वाळवायच्या खोलीत, ते पकडायच्या मडक्यांच्या मागं, तिनं एक जुनं मशीन चालू ठेवलं होतं आणि त्या मशीनवर आमच्या करकना बेटाची माणसं एकमेकांशी बोलत. बेटावर राहिलेली थोडी, बेट सोडून गेलेलीच फार.

कंपन्यांच्या मोठ्या चव्हाट्यावर सगळं जग कोंबलेलं असतं आणि मालक एक. इथं तसं नाही. ज्याचं त्याचं मशीन म्हणजे ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची देवडी, आणि घराघरांतून ये-जा. मार्सेचा माणूस तिकडच्याच एखाद्या घरात खातं उघडतो, सकीफातल्या कुणाला फॉलो करतो आणि तिथं बसून इथलं ऐकतो. एखाद्या घराचा ताप व्हायला लागला तर जलीला त्या घराकडचं दार लावू शकते. मालकीण तीच, झाडूवाली तीच, आणि वीज गेली की शिव्या खाणारीही तीच. वीज गेली रे गेली की मार्सेहून फोन, "जलीला, घरी सगळं ठीक ना?" आणि घरचं ठीक आहे म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न, "मग मशीन का बंद आहे?"

खरा ताप बॉटांचा. बॉट म्हणजे माणूस नाही, माणसाचं सोंग घेतलेला प्रोग्राम. एकदा शिरला की जाहिराती चिकटवेल, फोटो पळवेल, बायकांना नको ते लिहील. म्हणून सकीफात खातं उघडायचं तर जलीला एक प्रश्न विचारायची, तू कुणाचा? बॉट लोक उत्तर फार गोड लिहीत. "आपल्या रमणीय बेटाच्या समृद्ध परंपरेविषयी मला मनापासून आस्था आहे." आणि आपल्या माणसांचं उत्तर असं, "उघड गं जलीला, किती वेळ उभं करतेस?" एका बाबानं तर नुसतं लिहिलं होतं, "चौथीत असताना तू वर्गात काय केलं होतंस ते सांगू का सगळ्यांना?" त्याला तिनं तातडीनं आत घेतला. गोड बोलला की बॉट आणि खेकसला की आपला, एवढी सोपी परीक्षा होती.

समुद्रापलीकडच्या सफाक्स शहरात सवसन नावाची एक तरुण मुलगी होती, जलीलाची जुनी विद्यार्थिनी. तिचं औषधाचं दुकान. ती या कामात मदत करायची आणि जलीलाला अजून "मादाम" म्हणायची.

सकीफातली सगळ्यांत लाडकी व्यक्ती कोण, तर जलीलाची आई, उम्मी मन्नूबिया; उम्मी म्हणजे आईच. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जीभ अशी की विचारू नका. रोज संध्याकाळी ती अंगणात बुटक्या स्टुलावर बसायची, जलीला फोन पुढं धरायची, आणि उम्मी बोलायची. आज वारा कुठला होता. जवाच्या कण्यांच्या चीशमध्ये मीठ जास्त पडलं. शेजारच्या फ्रेजची शेळी पुन्हा आमच्या टोमॅटोत शिरली, मालकासारखीच निर्लज्ज आहे. बस, एवढंच. जलीला ते तिच्या खात्यावर टाकायची आणि पॅरिसपासून पालेर्मोपर्यंत करकनाची माणसं कामावरून परतताना ते ऐकायची. एकानं लिहिलं होतं, उम्मीची शेळीवरची शिवी ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही.

म्हातारीनं एक दिवस चुकवला नाही. तापानं फणफणलेली असली तरी उठून बसायची. जलीलाला त्याचं कारण ठाऊक होतं, पण आई बोलली नाही आणि लेकीनं विचारलं नाही.

कारण होतं लमजद. जलीलाच्या मागं पुष्कळ वर्षांनी झालेला भाऊ, उम्मीचं शेंडेफळ.

आमच्याकडे जमिनीसारखा समुद्रही वारशानं येतो. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्या रोवून लांबच्या लांब कुंपण करायचं. मासा कुंपण धरून चालत येतो आणि टोकाच्या खोलीत अडकतो. या कुंपणाला शर्फिया म्हणतात, आणि कुणाची शर्फिया कुठं संपते हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. लमजदचा बाप आपल्या शर्फियात झावळ्या रोवता रोवताच कोसळला. हाका मारायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर उम्मीनं धोशा लावला, त्या पाण्यात माझं दुसरं माणूस उतरणार नाही. लमजद तेव्हा सफाक्सच्या बोटीवर हंगामाला गेलेला. जलीलानं आईची दशा पाहिली आणि त्या वर्षापुरतं ते पाणी फ्रेजला देऊन टाकलं. लमजदला कळवायचं राहिलं, की कळवायची हिंमत झाली नाही, देव जाणे.

लमजद फेरीबोटीतून येत होता तेव्हाच त्याला लांबून दिसलं, बापाच्या पाण्यात फ्रेजच्या झावळ्या. दुसऱ्याच्या घरात शिरून चूल पेटवावी तसं आहे हे आमच्याकडे. तो घरी आला, देवडीतच उभा राहिला, पायातलं काढलं नाही. "बापाच्या मातीची शपथ," म्हणाला, "या घराशी पुन्हा तोंडातून एक शब्द काढला तर!" आणि त्याच बोटीनं परत गेला. पुढं कळलं, फ्रान्सला सेतच्या बंदरात जाळ्यांवर काम करतो. फोन नाही, निरोप नाही. वर्षं लोटली. फ्रेजनं पुढच्याच हंगामात पाणी सोडलं, तेव्हापासून ते रिकामंच पडून आहे. पण शपथ म्हणजे शपथ. आमच्या माणसांत बाकी काही नसलं तरी हा एक आडमुठेपणा भरपूर.

उम्मीनं फोनपुढं बोलताना त्याचं नाव कधी घेतलं नाही. तिचा आडमुठेपणा लेकाच्या वरचढ.

आता हनियाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हनिया जलीलाच्याच गल्लीत राहते. तिचा मुलगा गस्सान एका हिवाळ्यात लहान होडीतून इटलीच्या दिशेनं गेला. होडीचं काय झालं कुणालाच माहीत नाही. ज्या आयांना प्रेत मिळतं त्या रडून मोकळ्या होतात, हनियाला तेही नाही. ती सकीफात गस्सानचे फोटो टाकायची, कुणी पाहिलाय का म्हणून.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी हनिया ताटभर मकरूद घेऊन जलीलाच्या दारात आली. रव्याचे, मधात बुडवलेले, अजून गरम. मागं गल्लीतल्या दोन बायका आनंदानं जीभ हलवत हलालीचे सूर काढत होत्या.

"जलीला, सापडला! हे बघ, लिहिलंय. तू वाच, मोठ्यानं वाच."

जलीलानं वाचलं. "उम्मी, मी जिवंत आहे. माझा फोन समुद्रात पडला होता. अजून कुणाला सांगू नकोस." खात्यावर गस्सानचा फोटो होता, ईदच्या दिवशीचा, निळ्या शर्टातला. खातं फ्रान्समधल्या एका मोठ्या घरातलं, जिथं कुणीही, काही न विचारता, खातं उघडू शकतं. आकड्यांच्या नावांची हजारो खाती तिथून हिंडत असतात हे जलीलाला माहीत होतं. तिनं ते वाक्य उचललं आणि शोधलं. तेच वाक्य जर्जिस गावातल्या एका आईला गेलेलं. महदियाच्या आईला. पलीकडे अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या आयांना. मुलाचं नाव आणि फोटो तेवढा बदललेला.

 हे आता हिला सांगायचं कुणी? सांगणारी दुसरी कोण होती!

"हनिया, आधी बस."

"बसायला वेळ नाही गं मला."

"हनिया, हा गस्सान नाही."

"फोटो त्याचा आहे."

"फोटो तू टाकलेला आहेस. तिथून उचललाय. हा माणूसच नाही, बॉट आहे. आज ओळख दाखवेल, उद्या अडचण सांगेल, परवा तुझ्याकडे जे असेल ते मागेल. सगळ्या आयांना एकच लिहिलंय, बघ."

हनियानं बघितलं नाही. तिनं ताटावर फडकं परत नीट झाकलं आणि ती घरी गेली.

जलीला तडक मडक्यांच्या खोलीत गेली. एकेक बॉट वेचत बसायची तिची नेहमीची पद्धत, पण त्या दिवशी तिचा संयम सुटला. तिनं त्या सबंध घराकडचं दारच लावायला घेतलं. मशीननं विचारलं, असं केलंत तर तिकडून तुम्हाला फॉलो करणारी सगळी खाती तुटतील, आणि दार पुन्हा उघडलंत तरी ती आपोआप जोडली जाणार नाहीत, चालेल? तिकडून उम्मीचा आवाज फॉलो करणारी बरीच खाती होती. नाव नाही, आकडे. चेहरा नाही. एक शब्द लिहिलेला नाही. भिंतीवर पाली असतात तशी ती होती, त्रास नाही म्हणून तिनं आजवर हाकलली नव्हती.

"तुटू देत मेली," जलीला म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. वर आणखी एक केलं. बाहेरच्यानं खातं न उघडता नुसतं डोकावून बघायची जी सोय होती, तीही बंद केली, पुन्हा कुणाच्या पोराचा फोटो जायला नको. सवसन फोनवर म्हणाली, "मादाम, हे आधीच करायला हवं होतं." सगळ्यांनाच तसं वाटलं. हिवाळा गेला, ऑक्टोपसचा हंगाम गेला, उम्मी रोज बोलत राहिली.

उन्हाळ्यात बेट भरतं. परदेशातली माणसं गाड्यांवर गाद्या बांधून येतात आणि लग्नांचा नुसता धुमाकूळ असतो. जलीलाचा मावसभाऊ शादली सेतहून आला. उम्मीनं त्याच्यासाठी जवाचा कुसकुस केला, मलथूथ, वर ऑक्टोपस. शादली जेवताना बोलतो की बोलताना जेवतो हे कुणाला कळत नाही, पण त्या दिवशी तो गप्प होता. उम्मी कलिंगड आणायला आत गेली तसा तो जलीलाकडे सरकला.

"एक विचारू? तुम्ही लमजदला हाकललंत ते कशासाठी?"

"मी? तोच गेला. सगळ्या गावाला माहीत आहे."

"ते जुनं. मी यंदाच्या थंडीचं म्हणतोय." शादलीनं आवाज खाली आणला. "तो तुमच्या त्या सकीफात होता, जलीला. वर्षानुवर्षं. बोलायचा नाही, लिहायचा नाही, शपथ ना! पण काम सुटलं की बंदरावर उलट्या क्रेटवर बसायचा आणि फोन कानाला लावायचा. मला वाटायचं, बातम्या ऐकतोय. एकदा मागून गेलो तर काय, आपल्या मावशीचा, खालतीचा आवाज! फ्रेजच्या शेळीला शिव्या! आणि हा हसतोय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत."

जलीलाचा घास हातातच राहिला.

"मग थंडीत एक दिवस आवाज बंद," शादली म्हणाला. "आधी वाटलं खालतीला काही झालं. मीच चौकशी करून सांगितलं, बरी आहे, रोज बोलते. तर तो म्हणाला, म्हणजे त्यांना कळलं मी ऐकतोय ते, आणि मला काढून टाकलं. मी म्हटलं, फोन कर, विचार. तर माझ्याकडे असं बघितलं त्यानं की मी तोंड मिटलं. सेत सोडून जायच्या दिवसापर्यंत रोज एकदा ते बटण दाबून बघायचा बरं का. उघडतंय का म्हणून."

"सोडून गेला? कुठं?"

"वसंतात गेला. कुठल्याशा मोठ्या बोटीवर, उत्तरेकडे. नॉर्वे म्हणाला की आइसलँड, काही धड नाही. फोनही बदलला."

"खात्याचं नाव काय होतं त्याच्या?"

"आकडे होते गं काहीतरी. मी कशाला लक्षात ठेवू?"

उम्मी कलिंगड घेऊन आली आणि म्हणाली, "काय खुसुरफुसुर चाललीय? कुणाचं लग्न मोडलं?" दोघांनी काहीतरी थातुरमातुर सांगितलं.

जलीलाला त्या रात्री झोप आली नाही हे सांगायला नको. किती साधं होतं! भाऊ बोलणार नव्हता, म्हणून बोलला नाही. घराला नाव सांगणार नव्हता, म्हणून आकडे. तोंड दाखवणार नव्हता, म्हणून फोटो नाही. ज्या तीन खुणांवरून ती बाहेरच्या घरांतले बॉट ओळखायची त्या तिन्ही खुणा तिच्या सख्ख्या भावाच्या होत्या. तो इतकी वर्षं देवडीत येऊन गुपचूप बसला होता आणि तिनं त्याला पाल समजून झाडून टाकलं. आणि आता जगाच्या कुठल्या तरी टोकाला तो समजत होता की आईनंच दार लावलं.

सकाळी तिनं उम्मीला सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, म्हातारी रडेल. म्हातारी उसळली.

"ऐकत होता? मेला ऐकत होता आणि मला कुणी सांगितलं नाही? अगं, पहिली दोन वर्षं मी त्याच्याचसाठी बोलत होते! मग म्हटलं, कुठला ऐकतोय, आणि शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसले. इतकी वर्षं माझं लेकरू कान लावून बसलं आणि मी त्याला काय दिलं? शेळी!"

मग ती रडली. बराच वेळ रडली, आणि रडता रडताच म्हणाली, "उघड ते दार. आत्ता उघड."

जलीलानं सवसनला फोन लावला. सवसननं सगळं ऐकून घेतलं, आणि मग दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबवून ती मागच्या खोलीत गेली असावी, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"मादाम, मला वाईट वाटतं. पण त्या घरात अजून तेच बॉट आहेत, उलट वाढलेत. दार उघडलं की पहिल्या तासात हनियाला पुन्हा गस्सान भेटेल."

"पूर्ण नाही उघडत. अर्धं. तिकडच्यांना ऐकू येईल, पण त्यांचं बोलणं इकडे कुणापर्यंत पोचणार नाही. आणि ऐकायचं असेल तरी आधी मला विचारावं लागेल, मी हो म्हटलं तरच."

"ऐकतील म्हणजे काय करतील? उम्मीचा आवाज उचलतील. आता आवाजही बनवता येतो हो. उद्या उम्मी मन्नूबियाच्या आवाजात सगळ्या बेटाकडे मदत मागतील आणि लोक देतील. तिला कोण नाही म्हणेल?"

जलीलानं फोन ठेवला. तिनं ठरवलं, आधी हनियाला विचारायचं. जिला भाजलंय तिला न विचारता चूल पेटवायची हे तिला जमणारं नव्हतं.

हनिया उंबऱ्याशी मासे साफ करत बसली होती. जलीलानं तिला लमजदचं सांगितलं, अर्ध्या दाराचं सांगितलं. हनियानं हातातला मासा खाली ठेवला नाही.

"ते बोलू शकणार नाहीत? नक्की?"

"नक्की. फक्त ऐकतील."

"म्हणजे तो पुन्हा लिहिणार नाही."

"नाही हनिया. त्याची भीती नको."

हनिया जरा वेळ खवलं काढत राहिली. मग म्हणाली, "तू रागावशील. पण मला माहीत होतं गं. तुझ्याकडे यायच्या आधीच. गस्सान मला उम्मी म्हणायचाच नाही. 'ए हनिया' म्हणायचा, चेष्टेनं, लहानपणापासून. पहिला शब्द वाचला तेव्हाच कळलं की हा तो नव्हे. तरी मी रवा भिजवला. मकरूद केले. शेजारणींना बोलावलं." तिनं कोपरानं कपाळ पुसलं. "तेवढी एक दुपार, जलीला. तेवढी एक दुपार तो होता माझा. तू सांगितलंस ते बरोबरच केलंस, मी काही तुला दोष देत नाही. पण मी तुला एक दिवस थांब म्हणायला हवं होतं."

जलीला तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली. तिनंही एक मासा साफ करायला घेतला.

"उघड," हनिया म्हणाली. "तुझा तरी खरा आहे."

त्याच दिवशी जलीलानं दार अर्धं उघडलं. तुटलेलं काही परत जोडलं गेलं नाही, मशीननं सांगितलं होतं तसंच. ज्याला ऐकायचं असेल त्यानं नव्यानं येऊन विचारायला हवं. आणि हळूहळू यायला लागले. पहिल्या आठवड्यात थोडे, मग बरेच. उम्मी दिवसातून चारदा विचारायची, "आला का?" आणि जलीला म्हणायची, "आलेत कुणी कुणी."

एका संध्याकाळी उम्मीनं तिला समोर बसवलं. "नीट सांग. कोण आलेत?"

"सगळे आकडेच, उम्मी. नाव नाही कुणाला. चेहरा नाही. कुणी एक शब्द लिहिलेला नाही."

"त्यात तो?"

"असेल. नसेलही. मला ओळखू येत नाही. तुझी शपथ, मी एकेक खातं उलटंपालटं करून बघितलं, मला नाही ओळखू येत." आणि एवढ्या वयाची, अर्ध्या बेटाला शिकवलेली जलीला आईसमोर हुंदके द्यायला लागली.

स्पीकरवर सवसन होती. ती म्हणाली, "उम्मी, रागावू नका, पण यात एक जरी माणूस निघाला तर मी माझं दुकान मादामच्या नावावर करते. सगळे नाकारा म्हणते मी."

"तू औषधं वीक बाई," उम्मी म्हणाली. "जलीला, सगळ्यांना घे."

"उम्मी, ते बॉट आहेत. तुझा आवाज चोरतील."

"तू नाकारलेस आणि त्यात तो असला तर? दोनदा दार लावलंस तर तिसऱ्यांदा यायचा नाही तो, माझ्याच पोटचा आहे. सकीफात येऊन बसलेल्याला आपण कधी विचारलंय का, तू खरा का खोटा? पाणी देतो. घे सगळ्यांना."

"आणि तुझ्या आवाजात कुणाला फसवलं म्हणजे?"

"मग तू आधीच पाटी लाव की, मन्नूबियानं जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. तिचा आवाज काही मागायला लागला तर ती मी नव्हे, खुशाल शिव्या द्या म्हणावं."

जलीलानं डोळे पुसले आणि तशी पाटी लावली, सकीफाच्या अगदी वर, सगळ्यांना दिसेल अशी. मग एकेका आकड्यापुढं ती हो म्हणत गेली. इतकी वर्षं तिनं असल्यांना हाकललं होतं, आणि आता एकेकाला हात धरून आत आणत होती. प्रत्येक हो म्हणताना तिला वाटत होतं, हा असेल, हा असेल.

उम्मीनं डोक्यावरची सफसारीची पांढरी चादर सारखी केली, जसं काही पाहुण्यांसमोरच जायचंय. स्टुलावर बसली. जलीलानं फोन पुढं धरला.

 रोज जिला थांबवावं लागायचं ती गप्प. अंगणात कुणाचा तरी कोंबडा ओरडला, लांबून लग्नाच्या ढोलाचा आवाज आला. जलीला आता बंद करणार इतक्यात उम्मी बोलली.

"आज चीश केलं. मीठ बेताचं पडलं."

मग ती फोनकडे वाकली.

"तुमच्यात एक माझा आहे म्हणतात. त्यानं न बोलायची शपथ घेतलीय. नको बोलू दे. मी काही शपथ घेतलेली नाही, मी बोलणार. बापाचं पाणी रिकामं आहे रे, फ्रेजनं केव्हाच सोडलं. झावळ्या नाहीत, काही नाही, नुसतं पाणी आहे. मी भ्याले होते, म्हणून तसं झालं. तुझ्या बहिणीनं माझ्यासाठी केलं. एवढंच तुला सांगायचं होतं आणि इतकी वर्षं मी शेळीचं सांगत बसले."

जलीलानं फोन आणखी जवळ धरला. 

"आणि बाकीचे तुम्ही, जे कुणी असाल," उम्मी म्हणाली. "ही म्हणते, तुम्ही माणसं नाही. नसाल. बसा, ऐका, माझं काही जात नाही. पण तुम्ही म्हणे सगळीकडे हिंडता, जगात कुठं म्हणून तुम्हाला अडवत नाहीत. तर तुम्हाला कुठं माझा लमजद दिसला, उंच आहे, उजव्या भुवईत पांढरा केस आहे, तर त्याला सांगा. थंडीत दार लावलं होतं ते त्याच्यावर नव्हतं. तुमच्यावर होतं. तेवढं त्याला सांगा बाबांनो."

"गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं," जलीला म्हणाली. तिनं त्यातलं काही कापलं नव्हतं, कोंबडासुद्धा नाही.

त्या आकड्यांकडून उत्तर येणार नाही हे दोघींना माहीत होतं. ज्यांना उत्तर देता आलं असतं त्यांचं तोंड जलीलानंच बंद केलं होतं, आणि ज्याचं उत्तर हवं होतं तो बोलणार नव्हता. तरी अंधार पडेपर्यंत दोघी फोनकडे बघत अंगणात बसून राहिल्या.